गिटारच्या ट्रॅकला नाव कुणाचं?

सतार आणि गिटार हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहिले की वर्गातली मुलं लगेच म्हणतात, "सर, दोन्हीत तार आहे!" सतारीत ती खरोखर आहे. फारसीत 'सेह' म्हणजे तीन, आणि सेहतार म्हणजे तीन तारांचं वाद्य. गिटारचा मात्र तारेशी काही संबंध नाही. ग्रीक 'किथारा' अरबीत 'कीथारा' झाला, तिथून स्पेनमध्ये 'गितार्रा' झाला आणि मग इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला. म्हणजे ज्या वाद्याला आपण सरसकट 'इंग्रजी' म्हणतो, त्याच्या नावाने अरबीचा उंबरा ओलांडलेला आहे.

हे आज सांगायचं कारण तुळजापुरातलंच आहे. नवरात्र जवळ आलं की देवीची नवी गाणी निघतात. पूर्वी ती कॅसेटवर यायची, मग सीडीवर, आता मोबाइलवर येतात. संबळ, तुणतुणं, चौंडकं ही गोंधळी आणि आराधी मंडळींची वाद्यं त्यात असतातच. पण नीट कान देऊन ऐकलं तर मागे गिटारही वाजत असते. ती कुठल्या मोठ्या स्टुडिओत नव्हे, तर एखाद्या खोलीत संगणकावर ध्वनिमुद्रित झालेली असते. एफएल स्टुडिओ किंवा क्यूबेस उघडायचं, पडद्यावर आडव्या पट्ट्या दिसतात, एकेक पट्टी म्हणजे एकेक ट्रॅक. त्या पट्ट्यांचा इतिहास फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि त्यात आपल्या सगळ्यांचा वाटा आहे.

सुरुवात बगदादपासून करू. तिथला झिरयाब हा गवई इ. स. ८२२ मध्ये स्पेनमधल्या कुर्तुब्याला, म्हणजे कॉर्डोव्हाला, दुसऱ्या अब्दुर्रहमानच्या दरबारात पोचला. त्याचं वाद्य ऊद. ऊद म्हणजे लाकूड. दर्ग्यात आपण जो ऊद जाळतो, तोच हा शब्द. त्याने ऊदाला पाचवी तार जोडली असं सांगतात. 'अल-ऊद'वरूनच युरोपात 'ल्यूट' हे नाव पडलं. चौदाव्या शतकातल्या स्पॅनिश काव्यात 'मूरांची गिटार' आणि 'लॅटिन गिटार' असा वेगवेगळा उल्लेख सापडतो. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच मुलखात शेजारी शेजारी वाजत होते. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे जुना आहे, त्यात मी इथे पडत नाही. पण ऊदावर ग्रंथ लिहिणारा अल-किंदी आणि ऊद वाजवणारा झिरयाब हेही आपल्याच इतिहासातले आहेत, एवढं नाकारता येत नाही.

आता त्या आडव्या पट्ट्यांकडे येऊ. त्यांच्या मुळाशीही एक गिटारवादकच आहे. अमेरिकेच्या लेस पॉलने आपल्या गॅरेजमध्ये एक खटाटोप केला. एका तबकडीवर गिटार वाजवून घ्यायची, मग ती तबकडी लावून तिच्यासोबत दुसरी गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचं. असं करत करत १९४८ मध्ये त्याने 'लव्हर' ही धून काढली. तिच्यात आठ गिटारी ऐकू येतात आणि आठही त्याच्याच. सातव्या थराला चूक झाली तर मागचं सगळं वाया. म्हणून त्याला प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी ठेवणारं यंत्र हवं होतं. १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने त्याला आठ ट्रॅकचं टेपयंत्र करून दिलं. आज संगणकावर 'नवा ट्रॅक' हे बटण दाबतो तेव्हा आपण त्याच खटाटोपाचं फळ चाखत असतो.

तेव्हा मुंबईत काय चाललं होतं? इथे अजून सगळं एकाच दमात व्हायचं. गायक आणि सगळे वादक एका हॉलमध्ये. कुणाचा आवाज मोठा, कुणाचा लहान हे तो माइकपासून किती दूर बसला आहे त्यावर ठरायचं. चौथ्या मिनिटाला एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. अशा वेळी कोण कधी वाजवणार, कधी थांबणार, गिटार कुठे शिरणार आणि व्हायोलिन कुठे मागे सरणार हे आधीच कागदावर लिहिलेलं असावं लागे. ते लिहिणारा तो अरेंजर.

हे काम बहुतांशी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी केलं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ती मुलं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून सिनेमात गेली. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी, हे लोक ती चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवीत. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम केलं. पुणतांब्यात जन्मलेल्या आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मागे (१९५१) चिक चॉकलेट या गोवेकर ट्रंपेटवादकाची साथ होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रयोग केला. त्यांचं नाव लोकांना माहीत झालं ते त्या कामामुळे नव्हे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'च्या (१९७७) गाण्यात ते गुंफलं, म्हणून.

गिटारचंही तसंच. पट्ट्या बसवलेल्या गिटारवर स्वर जागच्या जागी पक्के असतात, आपल्याला मात्र मींड हवी. त्यावर उपाय सापडला हवाई बेटांच्या पद्धतीत: गिटार आडवी धरायची आणि तारांवर पोलादी दांडी सरकवायची. लखनौचे व्हॅन शिप्ली यांना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची तालीम मिळाली आणि त्यांनी मुंबईत इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी वाजवून घरोघर पोचवली. ब्रिजभूषण काबरा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून हीच गिटार रागसंगीतात आणली. १९६७ चं 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकणाऱ्याला ती ओळखीची आहे. 'दम मारो दम'ची (१९७१) गिटार भूपिंदर सिंग यांची. पण त्यांना आपण ओळखतो ते गझल गायक म्हणून.

एवढी सगळी मंडळी पडद्याआड राहिली, कारण व्यवस्थाच तशी होती. श्रेयनामावलीत नाव यायचं संगीतकाराचं. अरेंजर फार तर 'सहायक' म्हणून दिसे. वादक मजुरी घेऊन घरी जाई. गाणं अजरामर झालं, वाजवणारा हात निनावी राहिला.

मग यंत्रं बदलली. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे की-बोर्ड व संगणक एकमेकांशी बोलू लागले. १९८९ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने क्यूबेस आणलं, १९९७ च्या अखेरीस बेल्जियममध्ये फ्रूटीलूप्स निघालं, तेच आजचं एफएल स्टुडिओ. मुंबईतल्या शेकडो वादकांचं काम याच काळात गेलं. एका की-बोर्डने व्हायोलिनची अख्खी रांग उठवली. पण याच यंत्रांनी अरेंजरचं काम महानगराबाहेर, आपल्या खोलीपर्यंतही आणलं. हिशोबाच्या या दोन्ही बाजू लक्षात ठेवायला हव्यात.

खोलीतलं काम दिसतं तितकं सोपं नाही. गिटार ऑडिओ इंटरफेसला जोडली की पहिली अडचण उशिराची: वाजवलेला सूर संगणकातून फिरून कानात यायला वेळ लागतो आणि हात अडखळतो. दुसरी गोष्ट, गिटार भरदार वाटावी म्हणून एकच ट्रॅक कॉपी करून डावी-उजवीकडे ठेवला तर आवाज नुसता मोठा होतो. तोच भाग दोनदा वाजवून घ्यावा लागतो. दोन वेळच्या हातांत जो बारीकसा फरक पडतो, त्यानेच रुंदी येते. लेस पॉलचा धडा हाच. तिसरं, गिटारचे खालचे स्वर थोडे कापावे लागतात, नाहीतर संबळाचा खर्जातला घुमारा दबतो.

सगळ्यात कठीण प्रश्न लयीचा. गोंधळाची लय चढत जाते, तर सॉफ्टवेअरची क्लिक एकाच चालीने टिकटिकत राहते. घाईत काम करणारा आधी क्लिक लावतो आणि गोंधळ्याला तिच्यामागे चालायला लावतो. मग गाणं स्वच्छ होतं, पण अंगात येत नाही. जाणता माणूस उलट करतो. आधी संबळ मोकळेपणाने वाजवून घेतो, मग त्या लयीप्रमाणे संगणकाच्या टेंपोची रेघ चढवतो आणि शेवटी गिटार बसवतो. कागदावर लिहिणाऱ्या गोवेकर अरेंजरची अक्कल हीच होती: कुणी कुणाला जागा द्यायची.

आणि आता नावाचं. फाइल उघडली की ट्रॅकवर 'ऑडिओ ४', 'गिटार २' असं आपोआप लिहून येतं. तिथे वाजवणाऱ्याचं नाव लिहायला दोन सेकंद लागतात. जुन्या अरेंजरांना ही सोय नव्हती, आपल्याला आहे. ए. आर. रहमान यांनी आपल्या कॅसेट आणि सीडींच्या कागदावर वादकांची नावं छापायची रीत पाळली. त्यांचं मोठेपण त्यामुळे कमी झालं नाही.

गावातल्या देवीच्या गाण्यात संबळ गोंधळ्याचा असतो, गिटार कुणा सलीमची किंवा सॅम्युअलची असू शकते, मिक्सिंग तिसऱ्याच कुणाचं. असं पूर्वीही होतं. फक्त लिहून ठेवलं नाही, म्हणून आज कुणी उठतं आणि 'हे आमचं, ते त्यांचं' अशी वाटणी करून मोकळं होतं. नोंद नसली की इतिहास ज्याचा आवाज मोठा त्याचा होतो. म्हणून गाणं करणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: पुढचं गाणं मोबाइलवर टाकाल तेव्हा खाली गायकाबरोबर संबळवाल्याचं, चौंडकंवाल्याचं आणि गिटारवाल्याचं नाव टाका. पूर्ण नाव, गावासकट.