मोबाईलवर पाहाव्यात अशा १० कुस्त्या : रील नको, पूर्ण सहा मिनिटं पाहा

राजापेठ (अमरावती) : गावात दंगल असली की माणूस कामधंदा सोडून आखाड्याच्या कडेला जाऊन बसतो. आता दंगल वर्षातून एकदा आणि मोबाईल रोज हातात. राजापेठ बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारे असोत की रात्री ओलिताला गेलेले, कुस्तीचे व्हिडिओ पाहणारे भरपूर आहेत. पण बहुतेकांना दिसते ती वीस सेकंदांची रील. त्यात पाडणं दिसतं, भांडण दिसतं, कुस्ती दिसत नाही. म्हणून मागच्या सहा-सात वर्षांतल्या, पूर्ण पाहाव्यात अशा दहा कुस्त्यांची ही यादी. कुस्ती कोणाची, कुठे झाली आणि तिच्यात नेमकं काय पाहायचं, हे सोबत दिलं आहे.

पाहण्याआधी एवढं समजून घ्या

आपल्याकडच्या दंगलीत पाठ लागली की कुस्ती संपली. निकाल नाही लागला तर बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. स्पर्धेतली कुस्ती गुणांवर चालते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

- समोरच्याला रिंगणाबाहेर ढकललं तर १ गुण.
- खाली आणून ताबा घेतला तर २ गुण. खाली असलेल्याची पाठ मॅटकडे वळवली तरी २ गुण.
- उभ्यातून फेकून थेट पाठीवर धोक्यात आणलं तर ४ गुण.
- नुसता वेळ काढणाऱ्याला पंच ताकीद देतात, मग ३० सेकंदांची मुदत. त्यात गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण.
- १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते.
- दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले तर चितपट. मग गुण कितीही असोत.
- पंचाचा निर्णय पटला नाही तर व्हिडिओ तपासणी मागता येते. मागणी चुकीची ठरली तर समोरच्याला १ गुण.

महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी, म्हणजे मॅट विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी लढतात. त्यामुळे एकाच गटात मातीतली ताकद आणि मॅटवरची चपळाई दोन्ही पाहायला मिळते.

राज्यातल्या सहा कुस्त्या

१. हर्षवर्धन सदगीर वि. शैलेश शेळके, बालेवाडी (पुणे), जानेवारी २०२०

नाशिकचा हर्षवर्धन आणि लातूरचा शैलेश, दोघंही काका पवारांचे पठ्ठे. एकाच तालमीत रोज एकमेकांशी झोंबणारे. कोणता डाव कधी येणार हे दोघांनाही पाठ, म्हणून कुस्ती अटीतटीची झाली आणि हर्षवर्धन ३-२ ने जिंकला. जिंकल्यावर त्यानं हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. व्हिडिओ तिथपर्यंत पाहा.

२. पृथ्वीराज पाटील वि. विशाल बनकर, सातारा, एप्रिल २०२२

कोरोनामुळे स्पर्धा थांबली होती, ती या वर्षी पुन्हा भरली. कोल्हापूरच्या पृथ्वीराजचं वय तेव्हा विशीच्या आसपास. विशाल पुढे होता, पृथ्वीराज मागून आला आणि ५-४ ने जिंकला. कोल्हापूरला तब्बल २१ वर्षांनी गदा मिळाली. एका गुणाची किंमत काय असते ते समजायला ही कुस्ती पाहावी. मागे पडल्यावर घाई न करता एकेक गुण कसा जमवायचा, हे नव्या पोरांनी यातून घ्यावं.

३. महेंद्र गायकवाड वि. सिकंदर शेख, कोथरूड (पुणे), जानेवारी २०२३

माती विभागाची ही शेवटची लढत. महेंद्रनं बाहेरची टांग मारली आणि पंचांनी त्याला ४ गुण दिले. सिकंदर थेट पाठीवर पडलाच नाही, मग २ च गुण व्हायला हवे होते, असं त्याच्या चाहत्यांचं म्हणणं. राज्यभर वाद पेटला. पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रारही पोलिसांत झाली. वर दिलेला ४ गुणांचा नियम डोक्यात ठेवून हा डाव हळू गतीने दोन-तीन वेळा पाहा आणि मगच काय ते ठरवा. पाठ कोणत्या क्षणी, किती वळली, एवढंच पाहायचं.

त्याच दिवशी झालेल्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेनं याच महेंद्रला मिनिटाच्या आत चितपट केलं. तीही जोडून पाहा.

४. सिकंदर शेख वि. शिवराज राक्षे, फुलगाव (पुणे), नोव्हेंबर २०२३

दहा महिन्यांनी सिकंदर परत आला. मोहोळ तालुक्यातल्या हमाली करणाऱ्या बापाचा हा पोरगा, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झालेला. समोर गदा जिंकलेला शिवराज. कुस्ती अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. सिकंदरनं झोळी डाव टाकला आणि शिवराजची पाठ लागली. झोळी म्हणजे समोरच्याची मान आणि पाय एकाच कवेत धरून त्याला झोळीसारखं गुंडाळणं. या वेळी गुणांचा हिशोबच आला नाही, त्यामुळे वादालाही जागा उरली नाही.

५. पृथ्वीराज मोहोळ वि. शिवराज राक्षे, अहिल्यानगर, २ फेब्रुवारी २०२५

सगळ्यात जास्त पाहिली गेलेली आणि सगळ्यात कमी समजलेली कुस्ती हीच असावी. गादी विभागात पंचांनी शिवराज चितपट झाल्याचा निर्णय दिला. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ पाहा. बोलाचाली झाली आणि त्यानं पंचाला लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनंही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन शेवटची काही सेकंदं बाकी असताना मैदान सोडलं. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली. शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

मोबाईलवर फिरली ती लाथ. ज्या क्षणावरून वाद झाला तो खांद्याचा क्षण फार थोड्या लोकांनी नीट पाहिला. म्हणून ही कुस्ती पाहताना लाथेच्या आधीचा भाग पाहा. पंच कुठे उभा आहे, त्याला खांदा दिसत होता का, कॅमेरा कोणत्या बाजूनं आहे. एका बाजूच्या कॅमेऱ्यात टेकलेला वाटणारा खांदा दुसऱ्या बाजूनं उचललेला दिसू शकतो. निर्णय चूक असो की बरोबर, पंचावर पाय उगारणं कोणत्याच आखाड्यात चालत नाही. पण निर्णय तपासायची सोय नीट वापरली जावी ही मागणीही खोटी नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पैलवानाची उमेदीची वर्षं मोजकी असतात. त्यातली तीन बंदीत गेली तर काय उरतं, हा हिशोब खुराकाचा खर्च करणाऱ्या प्रत्येक घराला कळतो.

६. भाग्यश्री फंड वि. अमृता पुजारी, देवळी (वर्धा), जानेवारी २०२५

ही लढत आपल्या विदर्भात झाली. महिला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत श्रीगोंद्याच्या भाग्यश्रीनं कोल्हापूरच्या अमृताला हरवलं. महिलांसाठी ही गदा सुरू झाली ती मार्च २०२३ मध्ये सांगलीला. तिथं सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिला मान मिळवला. ज्या घरात पोरीला कुस्ती शिकायची आहे आणि घरचे कां-कूं करत आहेत, तिथं या दोन कुस्त्या सगळ्यांनी बसून पाहाव्यात.

एका वर्षात दोन केसरी कसे?

यूट्यूबवर 'महाराष्ट्र केसरी २०२५' शोधलं तर दोन विजेते दिसतात. एक व्हिडिओ अहिल्यानगरचा, त्यात पृथ्वीराज मोहोळ. दुसरा त्याच जिल्ह्यातल्या कर्जतचा, मार्च २०२५ चा, त्यात सोलापूरचा वेताळ शेळके. त्यानं अंतिम लढतीत पृथ्वीराज पाटीलला हरवलं. दोन्ही व्हिडिओ खरे आहेत. कुस्तीच्या संघटनेत फूट पडल्यामुळे दोन गट वेगवेगळ्या स्पर्धा भरवतात. नोव्हेंबर २०२३ मध्येही असंच झालं. फुलगावला सिकंदर जिंकला आणि धाराशिवच्या स्पर्धेत शिवराज राक्षे. १९६१ पासून चालत आलेल्या या मानाचे असे दोन वाटे झाले. त्यामुळे व्हिडिओ पाहताना नुसतं वर्ष नाही, गावही वाचा.

देशातल्या आणि बाहेरच्या चार कुस्त्या

७. राहुल आवारे वि. टायलर ग्राफ, नूर-सुलतान (कझाकस्तान), सप्टेंबर २०१९

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल. जागतिक स्पर्धेत ६१ किलो वजनात त्यानं अमेरिकेच्या ग्राफला ११-४ ने हरवून कांस्यपदक घेतलं. त्याआधी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण. कोरडवाहू भागातल्या पोराला मॅटवर किती पुढे जाता येतं, ते इथं दिसतं. त्याचा पायावरचा हल्ला पाहा. एकदा पाय हातात आला की तो सोडत नाही.

८. रवी दहिया वि. नूरिस्लाम सनायेव, टोकियो ऑलिंपिक, ४ ऑगस्ट २०२१

हरियाणातल्या शेतकऱ्याचा मुलगा रवी उपांत्य लढतीत २-९ ने मागे होता. सनायेवनं फितले डाव लावून, म्हणजे पाय पिळून, त्याला मॅटवर गरागरा फिरवलं होतं. आणखी थोडे गुण गेले असते तर कुस्ती तिथंच संपली असती. शेवटच्या मिनिटात रवीनं त्याला पकडलं आणि चितपट केलं. चितपट करताना सनायेव दंडाला चावला, तरी रवीनं पकड सोडली नाही. पुढे अंतिम लढतीत रवीला रौप्यपदक मिळालं. यादीतली एकच कुस्ती पाहायची असेल तर ही पाहा.

९. विनेश फोगाट वि. युई सुसाकी, पॅरिस ऑलिंपिक, ६ ऑगस्ट २०२४

सुसाकी ही टोकियोची सुवर्णपदक विजेती, परदेशी खेळाडूकडून तोपर्यंत एकही कुस्ती न हरलेली. विनेश शेवटच्या क्षणांपर्यंत ०-२ ने मागे होती. पण ती बचाव सांभाळत थांबली आणि शेवटच्या काही सेकंदांत सुसाकीला खाली घेऊन २ गुण मिळवले. जपानची तपासणीची मागणी फेटाळली गेली, तो १ गुण धरून निकाल ३-२. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम लढतीआधीच ती बाद झाली.

याच स्पर्धेत अमन सहरावतनं ५७ किलोत प्यूर्टो रिकोच्या दारियन क्रूझला १३-५ ने हरवून कांस्यपदक आणलं. त्यालाही एका रात्रीत साडेचार किलोच्या वर वजन उतरवावं लागलं होतं. मॅटवरची कुस्ती काट्यावरही लढावी लागते, हे दोन्ही व्हिडिओ सोबत पाहिले की कळतं.

१०. गेबल स्टीव्हसन वि. गेनो पेट्रिआश्विली, टोकियो ऑलिंपिक, ऑगस्ट २०२१

जड वजनाची कुस्ती संथ असते असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पाहावी. १२५ किलो गटाचा अंतिम सामना. अमेरिकेचा स्टीव्हसन दहा-बारा सेकंद बाकी असताना ५-८ ने मागे होता. त्यानं एकदा खाली घेतलं, सोडलं आणि घड्याळ शून्यावर येता येता पुन्हा घेतलं. हा स्टीव्हसन पुढे डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला. पोरं टीव्हीवर जी कुस्ती पाहतात तिचा निकाल आधीच ठरलेला असतो. अंगमेहनत खरी असते, पण तो तमाशा आहे. त्याच माणसाची ऑलिंपिकची कुस्ती पाहिली की फरक आपोआप समजतो.

व्हिडिओ शोधताना

- पैलवानाची दोन्ही नावं, गाव आणि वर्ष टाकून शोधा. नुसतं 'केसरी फायनल' टाकलं तर भलतंच निघतं.
- ऑलिंपिक आणि जागतिक कुस्त्यांसाठी ऑलिंपिकचं आणि जागतिक कुस्ती संघटनेचं अधिकृत यूट्यूब चॅनल पाहा.
- सहा मिनिटांच्या कुस्तीचा व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचा असतो. गावात रेंज मिळत नसेल तर जिथं मिळते तिथं डाउनलोड करून ठेवा.
- 'लाइव्ह पाहा' म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या लिंकवर बोट ठेवू नका. पैसे लावायचं ॲप टाकायला लावणाऱ्यांपासून तर दूरच राहा.
- वेग कमी करायची सोय यूट्यूबमध्येच आहे. वादाचा डाव त्यावर पाहा.

दंगलीत उतरणाऱ्या पोरांसाठी

राज्यातल्या सहा कुस्त्यांमध्ये कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नाशिक, लातूर, अहिल्यानगरची नावं आहेत. वऱ्हाडचं एकही नाही. आपल्याकडे ताकद नाही किंवा परंपरा नाही असं नाही. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मुलांनी देशी खेळ जगाला करून दाखवले होते. पण गावच्या दंगलीत एका पटात पाठ लावणारा पोरगा स्पर्धेच्या मॅटवर गेला की गुणांत हरतो. तिथं रेषेबाहेर पाय गेला तरी गुण जातो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मॅट गावात नसेल, नियम तरी फुकट आहेत आणि शिकवणारे व्हिडिओ खिशात आहेत. संध्याकाळी मेहनत झाल्यावर उस्तादांनी चार पोरांना घेऊन एक कुस्ती पाहावी. प्रत्येक गुणावर थांबवून विचारावं, किती गुण, का? महिनाभरात पोरं स्वतः पंचासारखी बोलू लागतील. दंगलीत जोड लावताना आणि पुढे जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्याचा उपयोग होईल.