गोपाद्रीवरील पन्नास माळा

ग्वाल्हेर नगरीत श्रावण दोनदा येतो, असे म्हटले तर कोकणातील वाचकांस नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे. उत्तरेकडील पंचांग पौर्णिमान्त असल्यामुळे आषाढी पौर्णिमा सरताच तेथील शिवालयांत श्रावणी सोमवारची गर्दी सुरू होते. लष्करातील मराठी कुटुंबे मात्र दिव्याची अवस झाल्यावाचून श्रावण धरीत नाहीत. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. परंतु दक्षिणेतून आणलेली मासगणना त्या माणसांनी सोडली नाही. मधला शुक्लपक्ष तेवढा दोघांचा एक. याच शुक्लपक्षात, पावसाची एक सर ओसरल्यावर, मी ग्वाल्हेरचा किल्ला चढलो.

उन्हाळ्यात या किल्ल्याचा दगड इतका तापतो की यात्रेकरूचे लक्ष देवळापेक्षा सावलीकडे अधिक असते. पावसाळ्यात तसे नाही. सुमारे तीनशे फूट उंचीच्या त्या डोंगराचा वालुकापाषाण भिजून गडद होतो, कपारींतून गवत डोकावते, माथ्यावरील कुंडे भरू लागतात. त्यांपैकी सूरजकुंडाच्या पाण्याने सूरजसेन राजाचे कुष्ठ गेले व ते पाणी दाखविणाऱ्या ग्वालिपा साधूवरून नगराला नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला पुरावा मागू नये, हे मी वकील असूनही जाणतो. पण याच डोंगरावर पुराव्याचीही वाण नाही.

सर्वांत जुना पुरावा हूण राजा मिहिरकुलाच्या काळचा. त्याच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मातृचेट नावाच्या गृहस्थाने गोप पर्वतावर सूर्याचे पाषाणमंदिर बांधविले, असे सांगणारा शिलालेख येथे सापडला. लेख उरला, ते मंदिर मात्र उरले नाही. त्यानंतरचे ‘तेली का मंदिर’ आठव्या-नवव्या शतकातले. त्याचे शिखर उत्तरेच्या रीतीप्रमाणे निमुळते न होता गजपृष्ठाकार आहे, आणि ते दुरून पाहताना दक्षिणेतील गोपुरांची आठवण येते. ‘सास-बहू’ म्हणून ओळखले जाणारे मोठे विष्णुमंदिर कच्छपघात राजांचे. पद्मपालाने ते आरंभिले आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या महीपालाने पुरे केले. तेथील लेख विक्रम संवत् 1150 चा, म्हणजे इ. स. 1093 चा आहे. नावात सासूही नाही नि सूनही नाही; ‘सहस्रबाहू’ या शब्दाचे लोकांच्या जिभेवर झालेले ते रूप, असे मानतात.

परंतु माझे पाय खिळले ते या भव्य मंदिरांपाशी नव्हे. पूर्वेकडून किल्ला चढताना वाटेवरच एका खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. घाईचा प्रवासी त्याच्यावरून सहज पुढे जाईल. हे देऊळ वैल्लभट्टाचा पुत्र अल्ल याने कोरविले. कनौजचा प्रतीहार सम्राट भोज, ज्याला आदिवराह म्हणत, त्याने या अल्लाला गोपाद्रीचा कोटपाल नेमले होते. येथे दोन लेख आहेत: एक विक्रम संवत् 932 चा आणि दुसरा 933 चा, म्हणजे इ. स. 876 चा. गणिताचे अभ्यासक या दुसऱ्या लेखाकडे येतात, कारण त्यातील 270 व 50 या आकड्यांत शून्य आजच्यासारखे वाटोळे कोरलेले आहे. माझे लक्ष गेले ते त्या आकड्यांच्या आजूबाजूच्या मजकुराकडे. कारण हा मजकूर म्हणजे एक चोख दानपत्र आहे.

दान दोन देवालयांना आहे: एक हे विष्णूचे आणि दुसरे नदीच्या पलीकडच्या तीरावर अल्लानेच बांधलेले नवदुर्गेचे. देणारा राजा नाही. सारे नगर आहे. नगराने फुलबागेसाठी 270 हात लांब व 187 हात रुंद जमीन दिली. हात दीड फुटाचा धरला तर ही जमीन सुमारे अडीच एकर भरते. त्याखेरीज शेते दिली. तेल्यांच्या श्रेणींनी दर महिन्याच्या शुक्ल नवमीस घाण्यामागे एक पळी तेल द्यायचे मान्य केले. गोपगिरीच्या माथ्यावर राहणाऱ्या माळ्यांनी रोज पन्नास माळा देण्याचे पत्करले; माळा कोणत्या फुलांच्या, तर त्या ऋतूत बाजारात जी मिळतील त्यांच्या.

या शेवटच्या अटीपाशी मी बराच वेळ उभा होतो. दस्त लिहिणाऱ्याला ऋतूंचे भान होते. पावसाळ्यात जे फूल मिळते ते वैशाखात मिळत नाही. एकाच फुलाचे नाव घातले असते तर दोन महिन्यांत अट मोडली असती आणि दान थांबले असते. म्हणून फुलाला सवलत दिली, संख्येला दिली नाही. तेलाला मात्र कोणतीच सवलत नाही. पावसाळ्यातही नवमीची पळी चुकवायची नाही. शिवाय तिथी शुक्लपक्षातली, म्हणजे पंचांग उत्तरेचे असो वा दक्षिणेचे, महिना तोच. या दानाला लेखात अक्षयनीवी म्हटले आहे. नीवी म्हणजे मुद्दल: ते कधी मोडायचे नाही, त्याच्या उत्पन्नातून सेवा चालवायची. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून तिचे हित पाहिले पाहिजे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने 1925 साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या वादात स्पष्ट केले. या डोंगरावरील तेली-माळी सुमारे साडेदहा शतके आधी त्या समजुतीनेच वागत होते.

आज ती बाग नाही, त्या पन्नास माळाही येत नाहीत. दस्त शाबूत आहे, देणारे आणि घेणारे दोघेही गेले. दगड जपता येतो, हे खरे. ग्वाल्हेरपासून जवळच, मुरैना जिल्ह्यातील बटेश्वर येथे प्रतीहारकालीन सुमारे दोनशे लहान देवळांचा ढिगारा होऊन पडला होता. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी 2005 पासून दगडाला दगड जुळवून त्यांतील कितीतरी देवळे पुन्हा उभी केली. पण कोसळलेला संकल्प असा जुळविता येत नाही.

येथे मला आपल्या गोमंतकाची आठवण होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखाली साष्टीतील देवळे पडली. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. मूळ वास्तू राहिली नाही. पण महाजनांनी देव नदीपार नेला आणि दिवा, नैवेद्य, पालखी यांत खंड पडू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खस्ता खाल्ल्या. ग्वाल्हेरात दस्त राहिला नि सेवा गेली; गोमंतकात वास्तू गेली नि सेवा राहिली. अक्षय कोणते, हा निवाडा मी वाचकांवरच सोपवितो. माझ्यापुरते एवढेच कळले की, अक्षय हा शब्द दगडात कोरल्याने खरा ठरत नाही. उद्याची माळ आपण देणार, असे म्हणणारे कोणी असेपर्यंतच तो खरा असतो.

खाली उतरताना पुन्हा सर आली. दरवाजाच्या आडोशाला एक माळीण टोपली झाकून बसली होती. मी एक माळ घेतली, मागे फिरलो आणि चतुर्भुजाच्या उंबऱ्यावर ठेवली. पन्नासांपैकी एक. बाकीचा हिशेब आपणा सर्वांकडे आहे. पुढच्या खेपेस आपापल्या कुळस्वामीच्या देवळात जाल, तेव्हा सभामंडपातील देणगीदारांच्या नावांवरून नजर नुसती फिरवू नका. तेल कोणाचे, माळ कोणाची, हे विचारा. आणि त्या यादीत आपले काही येणे बाकी आहे काय, तेही पाहा.