व्हीएस कोडमध्ये पायथन कन्सोल चालत नाही? नेहमीच्या अडचणी आणि उपाय

पायथन शिकताना सगळ्यात उपयोगी पडतो तो इंटरॅक्टिव्ह कन्सोल, म्हणजेच आरईपीएल. एक ओळ लिहा, एंटर दाबा, उत्तर समोर. पण व्हीएस कोडमध्ये हाच कन्सोल नेमका प्रॅक्टिकलच्या दिवशी रुसतो! अशा वेळी पायथन पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. आधी खालच्या गोष्टी क्रमाने तपासा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा.)

१. 'पायथन वॉज नॉट फाउंड' असा मेसेज येतो

विंडोजला पायथन कुठे आहे ते सापडत नाही. इन्स्टॉल करताना पहिल्याच स्क्रीनवर पाथमध्ये जोडण्याचा चौकोन असतो, तो टिक करायचा राहून जातो. इन्स्टॉलर पुन्हा उघडून तो टिक करा आणि व्हीएस कोड पूर्ण बंद करून चालू करा. तात्पुरतं काम भागवायचं असेल तर 'पायथन'ऐवजी नुसतं 'पीवाय' टाइप करून बघा.

२. शिफ्ट + एंटर दाबलं तरी काहीच होत नाही

दोन गोष्टी बघा. पायथन एक्स्टेन्शन इन्स्टॉल आहे का? आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'पायथन' दिसतंय की 'प्लेन टेक्स्ट'? फाइल डॉट पीवाय नावाने सेव्ह केली नसेल तर एडिटरला ती साधा मजकूर वाटते.

३. कन्सोलमध्ये नुसते तीन टिंब (...) येतात

कन्सोल अडकलेला नाही, तो तुमची वाट बघतोय. समजा नगर जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांची यादी फॉर लूपने छापायची आहे. लूपची शेवटची ओळ लिहून झाल्यावर एक रिकामा एंटर द्यावा लागतो, तेव्हाच अकोल्यापासून जामखेडपर्यंतची नावं दिसतात. कंस किंवा अवतरण चिन्ह बंद करायचं राहिलं तरीही टिंबच येतात. सुटका हवी असेल तर कंट्रोल + सी दाबा.

४. फाइल चालवली की सिंटॅक्स एरर

डाव्या बाजूला >>> दिसतंय का? मग तुम्ही पायथनच्या आत आहात. 'पायथन, फाइलचं नाव' ही कमांड बाहेर, टर्मिनलमध्ये द्यायची असते. आधी 'एक्झिट' लिहून पुढे रिकामा कंस टाका, एंटर दाबा आणि बाहेर या.

दुसरं कारण खास आपल्याकडचं. व्हॉट्सॲपवर किंवा पीडीएफमधून आलेला कोड कॉपी केला की त्यात वळणदार अवतरण चिन्हं येतात, ती पायथनला चालत नाहीत. स्वतः पुन्हा टाइप करा. मराठी आकड्यांचंही तसंच. कन्सोलमध्ये थेट २ + ३ असं देवनागरीत लिहिलं तर एरर येतो. मात्र अवतरणात लिहिलेला '२५' इंट फंक्शनला दिला तर तो बरोबर पंचवीसच समजतो.

५. 'मॉड्यूल नॉट फाउंड'

पांडाज इन्स्टॉल केलं, तरी कन्सोल म्हणतो, नाही! कारण कॉम्प्युटरवर दोन पायथन आहेत. पांडाज एकात गेलं आणि कन्सोल दुसऱ्याचा उघडला. कंट्रोल + शिफ्ट + पी दाबा, 'सिलेक्ट इंटरप्रिटर' शोधा, योग्य पायथन निवडा. मग जुनं टर्मिनल बंद करून नवीन उघडा आणि 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज' द्या. 'डॅश एम' लावलं की पॅकेज त्याच पायथनमध्ये जातं.

६. मराठी अक्षरांचा गोंधळ

बाजार समितीतल्या कांद्याच्या भावांची फाइल उघडली आणि 'राहुरी', 'पारनेर'ऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर फाइल बिघडलेली असेलच असं नाही. विंडोजवर पायथन बऱ्याचदा जुनं एन्कोडिंग गृहीत धरतो. ओपन फंक्शनमध्ये एन्कोडिंग म्हणून 'यूटीएफ-८' स्पष्ट लिहा.

७. ३.१३ नंतर कन्सोल वेगळा दिसतो

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत कन्सोलच नवा दिला आहे. रंगीत प्रॉम्प्ट, अनेक ओळी एकदम दुरुस्त करायची सोय, आणि 'एक्झिट'ला कंसाचीही गरज नाही. त्यामुळे जुन्या नोट्सपेक्षा स्क्रीन वेगळी दिसली तर घाबरू नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं: कन्सोल बंद झाला की त्यातली सगळी व्हेरिएबल्स जातात. लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून कन्सोलमध्ये करून बघा, पण जमलेली ओळ लगेच फाइलमध्ये उतरवून कंट्रोल + एस दाबा.