प्रकाशन आणि प्रत : चंदीगडचा एक अभ्यास

वाङ्मयाच्या इतिहासात लेखक असतो, ग्रंथ असतो, क्वचित वाचकही असतो. परंतु मजकूर कोणत्या साधनांनी सिद्ध होतो आणि कोणत्या वाटेने वाचकापर्यंत जातो, याचा विचार आपल्याकडे बहुधा परिशिष्टातच होतो. आंतरजालावरील प्रकाशनाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास ही उपेक्षा परवडणारी नाही. त्या दृष्टीने चंदीगडचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. स्वातंत्र्यानंतर आखून वसविलेल्या या नगराला स्वतःची जुनी मुद्रणपरंपरा नाही. तेथील प्रमुख इंग्रजी दैनिक ‘ट्रिब्यून’ आणि पंजाब विद्यापीठातील वृत्तपत्रविद्येचा विभाग ही दोन्ही लाहोरची. पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ मध्ये लाहोरास सुरू केलेला हा विभाग फाळणीनंतर दिल्लीस गेला आणि १९६२ मध्ये चंदीगडला आला.

सरदार दयालसिंग मजिठिया यांनी ‘ट्रिब्यून’चा पहिला अंक २ फेब्रुवारी १८८१ रोजी काढला. त्याच वर्षी ४ जानेवारीस पुण्यात ‘केसरी’ निघाला होता. भाषा निराळी, प्रांत निराळा. पण अंक सिद्ध होण्याची रीत एकच. लेखक लिही, जुळारी खिळे जुळवी, मुद्रक छापी आणि टपाल व आगगाडी अंक पोचवीत. १८६७ च्या कायद्याने छापील कृतीवर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ देणे भाग होते. सरकारने हा नियम आपल्या देखरेखीसाठी केला, तरी त्याचा लाभ इतिहासकारालाही झाला.

या रीतीत वितरण म्हणजे प्रतींची पांगापांग होय, आणि तिचे मोल १९४७ मध्ये दिसून आले. त्या ऑगस्टात ‘ट्रिब्यून’ला लाहोर सोडावे लागले. सप्टेंबरात ते सिमल्याहून पुन्हा निघू लागले. १९४८ मध्ये अंबाल्यास आणि १९६९ मध्ये चंदीगडला गेले. गाव सुटले, छापखाना सुटला. परंतु सहासष्ट वर्षांचे अंक तोवर वर्गणीदारांच्या घरी आणि ग्रंथालयांत जाऊन पोचले होते. वृत्तपत्र निर्वासित झाले, तरी त्याचा सारा मजकूर एका जागी अडकून पडला नाही.

१९९८ मध्ये ‘ट्रिब्यून’ आंतरजालावर आले. येथे वितरणाचा अर्थच पालटतो. मजकूर प्रकाशकाच्या सर्व्हरवर राहतो. वाचकाने मागणी केली की तेथून पान त्याच्या पडद्यावर उमटते, आणि त्याने ते मुद्दाम जतन केले नाही तर त्याच्यापाशी टिकाऊ असे काही उरत नाही. सकाळचे शीर्षक दुपारी बदलले, तर सकाळचा पाठ कोणाच्याही कपाटात सापडावयाचा नाही. लिहिणे, प्रसिद्ध करणे आणि पोचविणे या तीन क्रिया एकाच यंत्रात, पुष्कळदा एकाच हातात, येतात; आणि कोणता मजकूर कोणाच्या दृष्टीस पडावा हे शोधयंत्रे मोठ्या प्रमाणात ठरवितात.

लिपीचा प्रश्न याहून बिकट. ‘पंजाबी ट्रिब्यून’ आणि हिंदी ‘दैनिक ट्रिब्यून’ ही दोन्ही १९७८ मध्ये निघाली; आंतरजालावर ती २०१० मध्ये आली, म्हणजे इंग्रजीनंतर बारा वर्षांनी. या विलंबाचे सारे खापर लिपीवर फोडता येणार नाही. तरी त्या काळात भारतीय लिपींच्या फॉन्टांचे संकेत परस्परांशी जुळत नसत, आणि ज्याच्या संगणकात तो विशिष्ट फॉन्ट नसे त्याला अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत, हे विसरता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी व गुरुमुखी यांना १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. पण जुने फॉन्ट त्यानंतरही दीर्घकाळ वापरात राहिले. मराठीचा अनुभव याहून वेगळा नाही. त्या वर्षांतील जो मजकूर टिकला, तोही संकेतांची किल्ली हाती असल्याशिवाय वाचता वा शोधता येत नाही.

परदेशी गेलेल्या वाचकाला त्याच दिवशी आपल्या भाषेचे वृत्तपत्र वाचता यावे, हा आंतरजालाचा लाभ सामान्य नव्हे. प्रश्न आहे तो उद्याच्या वाचकाचा. छापील ग्रंथांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४ मध्ये झाला आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. उलट २०२१ च्या नियमांनी आंतरजालावरील वृत्तप्रकाशकांवर घातलेले बंधन मजकुराची नोंद किमान ६० दिवस राखण्याचे आहे. पहिल्या तरतुदीत संग्रहाची दृष्टी आहे, दुसरीत तक्रारनिवारणाची.

चंदीगडनेच या बाबतीत एक वाट दाखविली आहे. २००३ मध्ये तेथे सुरू झालेल्या पंजाब डिजिटल लायब्ररीने हस्तलिखिते, ग्रंथ व नियतकालिके यांच्या संगणकीय प्रती केल्या आणि २००९ मध्ये त्या आंतरजालावर खुल्या केल्या. कागदावरील ठेवा तिने पडद्यावर नेला. पण जे पडद्यावरच जन्मले त्याचे काय? १९९६ पासून अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह जगभरची पाने साठवीत आहे. तथापि आपल्या भाषांची स्मृती सर्वस्वी परक्या संस्थेच्या भरवशावर सोडणे श्रेयस्कर नाही. अकादम्यांनी व विद्यापीठांनी नियतकालिकांकडून त्यांच्या आंतरजालीय आवृत्त्यांच्या प्रती मागून घ्याव्यात, एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येकीसोबत दिनांक व अक्षरसंकेत नोंदवावा. समीक्षकानेही आपण कोणत्या दिवशीचा पाठ वाचला हे सांगण्याची शिस्त लावून घ्यावी. ज्याची प्रतच उरली नाही, त्या वाङ्मयाची समीक्षा पुढील पिढीला तपासून पाहता येणार नाही.