सात वर्षं म्हणजे नेमकी किती?

'काहीही लिही, पण कॉम्प्युटरवर नको,' अशी स्मरणिका समितीची प्रेमळ ताकीद होती. म्हणून माझ्या दुसऱ्या आवडीबद्दल लिहिते: जुने हॉलिवूड चित्रपट. 'गॉन विथ द विंड' (१९३९) आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातली स्कार्लेट सगळ्यांच्या लक्षात राहते, शांत आणि सोशिक मेलनी तेवढी राहत नाही. ती भूमिका करणारी ऑलिव्हिया डी हॅविलंड पडद्याबाहेर मात्र अजिबात सोशिक नव्हती. तिने आपल्या मालकांशी दिलेला लढा आपल्यासारख्या नोकरदार मंडळींनी माहीत करून घ्यावा असा आहे.

त्या काळी नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. करार साधारण सात वर्षांचा. ठरावीक मुदतीनंतर तो पुढे चालवायचा की नाही, हे स्टुडिओ ठरवणार. नटाला मध्येच सोडून जाता येत नसे. कोणता चित्रपट करायचा, हेही स्टुडिओच सांगणार. भूमिका नाकारली की नटाला निलंबित करत आणि पगार बंद होई. शिवाय खरी मेख पुढे होती. निलंबनाचा काळ कराराच्या शेवटी जोडला जाई. म्हणजे जितक्या वेळा 'नाही' म्हणाल, तितकी सुटका लांबणार.

ऑलिव्हियाचा जन्म १९१६ साली टोकियोत, इंग्रज आईवडिलांच्या पोटी झाला. ती कॅलिफोर्नियात वाढली आणि अगदी कोवळ्या वयात वॉर्नर ब्रदर्समध्ये दाखल झाली. 'कॅप्टन ब्लड' आणि 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मध्ये एरॉल फ्लिनची नायिका म्हणून ती गाजली. पण नायकाकडे कौतुकाने बघणं एवढंच काम तिच्या वाट्याला वारंवार येऊ लागलं. मेलनीच्या भूमिकेसाठी दुसऱ्या निर्मात्याकडे जाऊ द्यायला जॅक वॉर्नर तयार नव्हते. ऑलिव्हियाने त्यांच्या पत्नीला चहाला भेटून गळ घातली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. वॉर्नरच्या करारात असताना तिला ऑस्करची दोन नामांकनं मिळाली, पण ती 'गॉन विथ द विंड' आणि 'होल्ड बॅक द डॉन'साठी. हे दोन्ही चित्रपट वॉर्नरचे नव्हते!

१९४३ मध्ये तिची सात वर्षं भरली. स्टुडिओने सांगितलं, निलंबनाचे सुमारे सहा महिने अजून भरून द्यायचे आहेत. तिचे वकील मार्टिन गँग यांनी कॅलिफोर्नियाच्या एका जुन्या कायद्याकडे बोट दाखवलं: व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे कुणावर लादता येत नाही. आता वाद एकाच शब्दावर आला. वर्षं म्हणजे कॅलेंडरची वर्षं, की प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची बेरीज? एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण कापणाऱ्या आपल्या गणिताच्या बाईंना हा खटला फार आवडला असता.

हे धाडस किती मोठं होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९३६ मध्ये बेटी डेव्हिस वॉर्नरचं काम टाकून चित्रपटासाठी इंग्लंडला गेली होती. तिथल्या कोर्टात ती हरली आणि मुकाट्याने परत आली. ऑलिव्हियाने दावा लावताच वॉर्नरने इतर स्टुडिओंना तिला काम न देण्याची पत्रं पाठवली. उमेदीच्या वयात जवळजवळ दोन वर्षं ती पडद्यापासून दूर राहिली. त्या काळात ती लष्करी रुग्णालयांत जाऊन जखमी सैनिकांना भेटत होती.

निकाल तिच्या बाजूने लागला. डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टानेही तो कायम ठेवला: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, बाकी काही नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकायला नकार दिला. तो कायदा आजही 'डी हॅविलंड कायदा' म्हणून ओळखला जातो. स्टुडिओंचं साम्राज्य एकट्या या निकालाने ढासळलं नाही. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांची चित्रपटगृहांवरची पकड सोडवली, पुढे टेलिव्हिजनही आला. पण कलाकारांभोवतीची साखळी आधी तुटली, ती इथे. गायकांना मात्र हे संरक्षण पुरतं मिळालं नाही. १९८७ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी कायद्यात दुरुस्ती करून घेतली, आणि न दिलेल्या अल्बमची भरपाई मागण्याची सोय स्वतःसाठी ठेवली.

असे वाद आपल्याकडेही होतेच. 'कुंकू'ची नायिका शांता आपटे १९३९ मध्ये कराराच्या वादातून पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसली होती. दोघी एकाच काळातल्या. एकीने कोर्टाचा रस्ता धरला, दुसरीने उपोषणाचा.

आपल्यातल्या अनेकांनी पहिल्या नोकरीत बॉण्डवर सही केली, ती बहुधा न वाचताच. आता आपली मुलं तशाच कागदांवर सह्या करायच्या वयात येताहेत. म्हणून ही गोष्ट मला निव्वळ सिनेमाची वाटत नाही.

सुटल्यावर ऑलिव्हियाने काय केलं? हव्या त्या भूमिका निवडल्या, आणि 'टू ईच हिज ओन' (१९४६) व 'द एअरेस' (१९४९) यांसाठी दोन ऑस्कर मिळवले. 'द एअरेस'चं नाटक पाहून दिग्दर्शक विल्यम वायलरकडे ती स्वतः गेली होती. पुढे ती पॅरिसला स्थायिक झाली. १०१ वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना तिने आपलं चित्रण करणाऱ्या एका मालिकेविरुद्ध पुन्हा कोर्ट गाठलं. तो दावा मात्र टिकला नाही. जुलै २०२० मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी, ती गेली.

ज्यांनी तिचं काम पाहिलेलं नाही, त्यांनी 'द एअरेस'पासून सुरुवात करावी. शेवटी ती हातात दिवा घेऊन जिना चढते, तेव्हा तिचा चेहरा नीट बघा.