वाक्याची घडण : आपली आणि इंग्रजीची

भोर आणि वेल्हे ही नावे कानावर पडली म्हणजे आपल्याला तोरणा आठवतो, राजगड आठवतो, रायरेश्वर आठवतो. व्याकरण मात्र कोणाला आठवत नाही. तरी या मुलखाचा आणि वाक्य नीट लिहिण्याच्या विद्येचा संबंध जुना आहे. तो आधी सांगतो आणि मग शाळेतल्या एका अवघड वाटणाऱ्या विषयाकडे वळतो. इंग्रजीच्या तासाला फ्रेझ, क्लॉज आणि मॉडिफायर हे तीन शब्द आले, की पुष्कळ मुलांची छाती दडपते. घरी बोलताना आपण याच तीन गोष्टी दिवसभर वापरतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

१६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांना कामे नेमून दिली गेली. त्यांतल्या सचिवाचे, म्हणजे ज्याला आधी सुरनीस म्हणत त्याचे काम काय होते? राजाची पत्रे तपासायची, मजकुरात अक्षर कमीजास्त झाले असेल तर ते शुद्ध करायचे आणि मग पत्रावर आपले चिन्ह करायचे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे सचिवपद शंकराजी नारायण यांच्याकडे आले. त्यांच्याच घराण्याकडे भोरचे संस्थान चालत आले, आणि म्हणूनच भोरच्या राजांना पंतसचिव म्हणत. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर हे नाव टिकले. पत्रातला शब्द जागच्या जागी आहे की नाही हे पाहण्याच्या कामावरून ज्यांच्या राजाला नाव मिळाले, असा हा आपला मुलूख आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दासाठी एवढी दक्षता कशाला? तर पाहा. समजा, वाटणीच्या कागदात लिहिले आहे, "थोरल्या चुलत्याच्या मुलाला निम्मा हिस्सा." आता थोरला कोण? चुलता थोरला, की त्याचा मुलगा थोरला? लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ असेल, तर त्याने "चुलत्याच्या थोरल्या मुलाला" असे लिहायला हवे होते. शब्द तेच आहेत. एक शब्द दोन पावले पुढेमागे झाला आणि जमीन एका घरातून दुसऱ्या घरात गेली! "थोरला" हा शब्द येथे जे काम करतो, म्हणजे दुसऱ्या शब्दाचा अर्थ नेमका करून देतो, तेच काम करणाऱ्या शब्दाला इंग्रजीत मॉडिफायर म्हणतात. आपली विशेषणे आणि क्रियाविशेषणे ही त्याच जातीची.

जुन्या कागदांत हे सांभाळणे सोपे नव्हते. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत. वरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. मग एक विधान संपून दुसरे कोठे लागले, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे? शब्दांवरूनच. "म्हणोन", "ऐसे", "तरी", "ऐसियास" हे शब्द वाक्यांच्या सांध्यावर बसत आणि आज विरामचिन्हे करतात त्यातले बरेचसे काम करीत. "जो", "जे" म्हटले, की पुढे "तो", "ते" येणार हेही ठरलेले. "तो म्हणाला की" यातला "की" मराठीत रुळला तो फारसीच्या सहवासाने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा वाक्यात वाक्य गुंफण्याची कला आपल्याकडे इंग्रज येण्यापूर्वीच होती. नव्हती ती त्या सांध्यांना वेगवेगळी नावे देऊन ती शाळेत शिकवण्याची रीत.

ती रीत एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर आली. विल्यम केरी या मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाची मांडणी डोळ्यांपुढे ठेवली होती, आणि शाळेत आपण ज्या शब्दांच्या जाती पाठ करतो त्यांची घडी पुष्कळशी त्यांच्या ग्रंथामुळे बसली. पुण्यात मेजर थॉमस कँडी हे मराठी क्रमिक पुस्तके आणि भाषांतरे तपासण्याचे काम पाहत. त्यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले. जो सांधा आपण पूर्वी "म्हणोन" या शब्दाने दाखवीत होतो, तेथे आता स्वल्पविरामाचा टिंब-शेपूट आला. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण निघाले. इंग्रजी आणि संस्कृत व्याकरणांचे साचे मराठीला कोठे बसतात आणि कोठे बसत नाहीत, याची त्यांनी बारकाईने चर्चा केली आहे.

आता ते तीन शब्द एकाच मुलावर पडताळून पाहू. "भोरचा मुलगा." येथे "भोरचा" म्हटल्याने कोणता मुलगा ते कळले. इंग्रजीत हेच "द बॉय फ्रॉम भोर" असे होईल. "फ्रॉम भोर" या दोन शब्दांत क्रियापद नाही, ते पुरे वाक्य नाही, पण दोघे मिळून एक काम करतात. ही झाली फ्रेझ. आता म्हणा, "जो मुलगा काल भोरहून आला, तो माझा भाचा." "जो मुलगा काल भोरहून आला" यात कर्ताही आहे आणि क्रियापदही आहे, म्हणजे ते एक छोटे वाक्यच आहे. पण ते एकटे उभे राहत नाही, "तो" ची वाट पाहते. हा झाला क्लॉज, आपले गौण वाक्य. इंग्रजीत "द बॉय हू केम फ्रॉम भोर यस्टरडे इज माय नेफ्यू." त्याचप्रमाणे "पाऊस पडला म्हणजे भातलावणी सुरू होते" यातला पहिला तुकडा लावणी केव्हा ते सांगतो, म्हणून ते क्रियाविशेषण वाक्य. आणि "पाऊस येईल असे आजोबा म्हणाले" यात "पाऊस येईल" हे नामवाक्य, कारण आजोबा काय म्हणाले याचे उत्तर ते देते.

येथवर दोन्ही भाषा बरोबर चालतात. पुढे वाट फुटते. मराठीत "भोरचा", "भोरहून आलेला" हे सगळे ओझे आपण मुलाच्या आधी ठेवतो. इंग्रजी एकट्या विशेषणाला आधी जागा देते, पण "फ्रॉम भोर" किंवा "हू केम फ्रॉम भोर" असे लांब शेपूट नामाच्या मागे लावते. मुलांची इंग्रजी वाक्ये अडखळतात ती पुष्कळदा येथेच. शब्द येत असतात, पण ते मराठीच्या क्रमाने रांगेत उभे केलेले असतात.

दुसरा भेद प्रत्ययांचा. मराठीत "येताना" आणि "येणारा" ही रूपेच वेगळी आहेत. "पुण्याहून येताना मला तोरणा दिसला" म्हटले तर येणारा मी, यात संशय नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींना "कमिंग" हा एकच शब्द. "आय सॉ तोरणा कमिंग फ्रॉम पुणे" असे लिहिले, तर तोरणाच एसटीत बसून पुण्याहून वेल्ह्याला निघाला असा अर्थ निघू शकतो! तेच "कमिंग फ्रॉम पुणे, आय सॉ तोरणा" असे लिहिले की येणारा माणूस ठरतो आणि किल्ला जागेवर राहतो. तसेच "ओन्ली" चे. आपण "बाबाच उद्या जातील", "बाबा उद्याच जातील" असे म्हणतो. "च" ज्या शब्दाला चिकटला त्याचा झाला. इंग्रजीत चिकटण्याची सोय नाही, म्हणून लिहिताना "ओन्ली" ज्या शब्दाबद्दल बोलायचे त्याच्या शेजारी ठेवायचा. मराठीत प्रत्यय जे पुष्कळसे काम करतो, ते इंग्रजीत जागा करते. एवढे एक मनात ठसले की अर्धे व्याकरण सोपे होते.

आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी हे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमाला समोर ठेवून, मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य मांडून शिकून घेतले. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. तेथल्या डोंगरातल्या शाळेतही इंग्रजीचे पुस्तक लहानपणीच हातात पडते. पुस्तक लवकर आले, पण शेजारची मराठी ओळ अनेकदा सुटली. मग मुले व्याख्या पाठ करतात आणि वाक्य लिहायची वेळ आली की गप्प बसतात. याच मुलांना पुढे कचेरीतला अर्ज, बँकेचा कागद, कोर्टाची नोटीस वाचायची असते. कोणता शब्द कोणाला लागतो हे न कळणारा माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करतो.

तेव्हा गुरुजींना आणि बाईंना एवढेच सुचवावेसे वाटते, की क्लॉजची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी मुलांकडून "जो" आणि "तो" असलेली पाच वाक्ये वदवून घ्या. ती त्यांच्या घरची, शेतातली, जत्रेतली असू द्या. प्रत्येक वाक्यात कोणता तुकडा कोणाला लागतो, त्याखाली रेघ मारू द्या. मग शेजारी इंग्रजी वाक्य लिहून तोच तुकडा कोठे जाऊन बसला ते मुलांनाच शोधायला सांगा. आणि पालकहो, घरात एखादा जुना वाटणीचा कागद किंवा खरेदीखत असेल, तर ते एकदा मुलाला मोठ्याने वाचायला द्या. कोणता शब्द कोणाचा, हे त्याला विचारा. सचिवाच्या कचेरीत हेच काम चालत असे. ते तुमच्या ओसरीवरही होऊ शकते.