दुसऱ्या गाडीचे ब्रेक

तीन वर्षांपूर्वी मी ऑनसाइट म्हणून कॅलिफोर्नियात होतो, तेव्हा माझ्या रूममेटने 1972 सालची डॅटसन 240झेड विकत घेतली. आम्हा दोघांच्या जन्माच्या पंचवीसेक वर्षं आधीची गाडी! दर शनिवारी हे साहेब गाडीखाली आणि मी बाजूला टॉर्च धरून. एकदा त्याने दोन जडशीळ लोखंडी ठोकळे आणले. म्हणाला, "टोयोटाच्या ट्रकचे कॅलिपर आहेत. हिला बसतात." मला वाटलं थापा मारतोय. निसानच्या स्पोर्ट्स कारला टोयोटाच्या ट्रकचा पार्ट? पण बोल्टची भोकं बरोब्बर जुळली. चकतीमागचा धूळ अडवणारा पत्रा थोडा कापावा लागला, एवढंच.

हे जुळलं कसं, हा किडा डोक्यात शिरला आणि पुढचे दोन वीकेंड वाचण्यात गेले.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा भाग. सायकलचे रबर रिमला पकडतात तसंच. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 सालीच याचं पेटंट घेतलं होतं. पण त्याच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासायचा आणि आवाज कान किटवणारा. मग पुढची पन्नास वर्षं जग ड्रम ब्रेकवरच चाललं. ड्रमचं दुखणं म्हणजे उष्णता. सगळं घर्षण बंद डब्यात, तापलं की पकड गेली. डनलॉपने आधी विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवले आणि मग जॅग्वारबरोबर ते रेसिंगच्या गाड्यांवर आणले. 1952 मध्ये स्टर्लिंग मॉसने फ्रान्समध्ये रँसची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या सी-टाइपने जिंकली. 1953 च्या ल मांसमध्ये तर रोल्ट आणि हॅमिल्टन या जोडीने चोवीस तासांत ताशी 170 किमीची सरासरी काढून पहिला नंबर पटकावला. बाकीचे वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबायचे, हे लोक उशिरा. तासन् तास.

जपानात ब्रिटिश परवान्यावर डिस्क ब्रेक बनवणारी कंपनी होती सुमितोमो. 1969 साली आलेल्या 240झेडच्या पुढच्या चाकांवर तिचेच दोन पिस्टनवाले कॅलिपर होते, मागे ड्रम. आणि 1979 साली टोयोटाने फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप काढला, त्यावरचे चार पिस्टनवाले कॅलिपरही सुमितोमोचेच! निसान आणि टोयोटा एकमेकांचे कट्टर स्पर्धक, पण सप्लायर एकच. माझ्या मते यात कुणाचं काही प्लॅनिंग नसणार. आपण जुनी लायब्ररी उचलून नव्या प्रोजेक्टमध्ये टाकतो ना, तसं कुणीतरी बोल्टमधलं अंतर तेच ठेवलं असेल.

दुसऱ्या गाडीचे ब्रेक लावायचा नाद मात्र कॅलिपरपेक्षा जुना आहे. हेन्री फोर्डचा हायड्रॉलिक ब्रेकवर विश्वास नव्हता. प्लिमथने ते 1928 लाच दिले, शेवरोलेने 1936 ला, फोर्डचा हट्ट सुटायला 1939 उजाडलं. त्याची 1932 ची व्ही-8 जोरात पळायची, पण थांबायची लोखंडी सळयांच्या भरवशावर. युद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी काय केलं, तर भंगारातून 1939 नंतरच्या फोर्डचे ब्रेक काढले आणि 32 च्या गाडीला लावले. इंजिनाची ताकद वाढवायची असेल तर आधी हे, असा सरळ हिशोब.

आमचा हिशोब मात्र चुकला होता. कॅलिपर लावून आम्ही हायवे 17 ने सांताक्रूझकडे निघालो. घाट उतरताना पहिल्याच मोठ्या वळणाला त्याने पेडल दाबलं आणि ते खाली, खाली, जवळजवळ फ्लोअरपर्यंत गेलं. गाडी थांबली म्हणा, पण दुसऱ्यांदा दाबल्यावर. दोन मिनिटं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

कारण शाळेतलंच आहे, पास्कलचा नियम. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं की तेवढ्याच दाबाला जोर जास्त मिळतो, पण त्यांना ढकलायला तेलही जास्त लागतं. आणि ते पाठवणारा मास्टर सिलिंडर जुनाच होता, 7/8 इंचाचा. म्हणजे पेडल जास्त दाबा. 240झेडवाल्यांच्यात याचाही इलाज ठरलेला आहे: नंतरच्या 280झेडएक्सचा 15/16 इंची मास्टर सिलिंडर. सोळावा भाग म्हणजे काय मोठंसं? पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे 15 भागिले 14, त्याचा वर्ग, जवळपास 15 टक्के. तिसऱ्या गाडीचा पार्ट! पुढच्या शनिवारी तो बसवला आणि पेडल वर आलं, पण पाय जरा जास्त जोरात दाबावा लागतो.

मग या सगळ्यातून मिळालं काय? एकदाच करकचून दाबायचा असेल तर फारसं काही नाही, कारण तिथे मर्यादा टायरची. जुन्या कॅलिपरनेही चाकं लॉक व्हायचीच. फरक पडतो तो लांब उतारावर, कारण मोठे पॅड उष्णता जास्त झेलतात. उलट आता पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक होतात आणि मागचे ड्रम नुसते सोबतीला. त्यांचं काय करायचं यावर मी भारतात परत येईपर्यंत आमचा वाद चालूच होता.